कडूबाईची लेक

वाशी,
जि. धाराशिव, ४ डिसेंबर २०२४

नीलम्मा मावशी,

आई तुमच्याकडं आली आहे का, एवढंच विचारायला हे पत्र लिहिते. खालचं सगळं वाचलं नाही तरी चालेल, पण एवढ्याचं उत्तर द्या.

मी शिवांजली, तुमच्या बहिणीची, कडूबाईची मुलगी. आपण कधी भेटलो नाही. आईच्या तोंडी तुमचं नाव फार थोड्या वेळा ऐकलं, तेही निलू असं. नीलम्मा हे सासरचं नाव आणि कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातलं तुमचं गाव मला आईच्या शेजारच्या मथुराबाईनं सांगितलं. ती तुमच्या लग्नाला आली होती म्हणे. सांगताना लई आढेवेढे घेतले तिनं.

ऑगस्टमध्ये तेरखेड्यात फटाक्याच्या एका शेडला आग लागली. आई तिथं वाती बसवायच्या कामाला जायची. रोज नाही, बोलावलं की जायची. त्या आगीत तीन बायका गेल्या. दोघींना त्यांच्या मुलांच्या रक्तावरून ओळखलं. तिसरी कोण ते राहिलं, आणि आई त्या दिवसापासून घरी नाही, म्हणून सगळ्यांनी तिसरी आईच असं धरलं. मीही धरलं. ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

माझंही रक्त घेतलं, धाराशिवच्या दवाखान्यात. ते लॅबला गेलं. वाट बघता बघता दिवाळी होऊन गेली. परवा पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. योगीराज हवालदार म्हणून आहेत, आगीच्या दिवसापासून तेच सगळं बघतात. त्यांनी रिपोर्ट वाचला, परत वाचला आणि म्हणाले, "ताई, ही तुमची आई न्हाय म्हणतेत."

"कोण न्हाय?"

"ती तिसरी बाई. तुमचं रगात तिच्याशी आई-लेकीसारखं जुळत न्हाय. मला बी कळंना झालंय."

मी हसले, मावशी. तिथं कुणाची तरी आई आहेच, हे माहीत असून हसले.

त्या सकाळी आई मथुराबाईच्या दारावरून गेली तेव्हा म्हणाली होती, "लेकीकडं वाशीला जावं का कामाला, ठरंना." माझ्याकडं ती आली नाही. आता शेडवरही गेली नव्हती असं रिपोर्ट म्हणतो. मग तिसरीकडं गेली असेल. पण तिला तिसरीकडं आहेच कोण? सास्तूरचं माहेर भूकंपात पडलं, आजी-आजोबा त्यातच गेले, मामा नव्हताच. राहता राहिलात तुम्ही.

तुमचं दोघींचं काय झालं मला माहीत नाही. विचारलं की ती उठून भांडी घासायला घ्यायची. ती तुमच्याकडं असेल आणि मला कळवू नको म्हणत असेल, तरी नुसतं "आहे" एवढं कळवा. मी न्यायला येणार नाही. तिला राहायचं तेवढं राहू दे.

खाली माझा नंबर लिहिला आहे.

शिवांजली



वाशी,
२२ डिसेंबर २०२४

मावशी,

तुमच्या मुलाचा फोन आला होता. शिवलिंगनं काय काय सांगितलं ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते, कारण तो घराबाहेर येऊन बोलत होता असं वाटलं.

म्हणाला, "ताई, आई म्हणाली, कडू इथं आली न्हाय, एवढं सांग."

मी म्हणाले, "तुमच्या आईला फोन देता का जरा?"

"ती बोलणार न्हाय. तुमचं पत्र घेऊन आत बसली, तवापासनं धड जेवली न्हाय." मग त्यानं विचारलं, "ताई, रागवू नका. तुम्ही दिसायला कशा आहात?"

मला प्रश्न विचित्र वाटला. तरी सांगितलं, सावळी आहे, कपाळ मोठं आहे, हसले की एकच खळी पडते. तो "व्हय का" म्हणाला आणि फोन ठेवला.

तुमच्याकडं नाही म्हटल्यावर मी दुसरीकडं शोधायला लागले. तुळजापूरला जाऊन आले, येरमाळ्याला देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी बसणाऱ्या बायकांना फोटो दाखवला, सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात वॉर्डावॉर्डातून फिरले. मी इथं वाशीत एका मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. मालक भला माणूस, सुट्टी देतो. डोक्याला मार लागून माणसं नाव-गाव विसरतात, असं त्यानंच मला सांगितलं. मी ते धरून बसले आहे. आईची निळी साडी धुऊन, घडी घालून ठेवली आहे. आली की अंगावरचं बदलायला लागेल.

माझ्या नवऱ्यानं काल जेवताना विषय काढला. म्हणाले, "रिपोर्टचा अर्थ दुसरा बी होऊ शकतो." आणि माझ्याकडं बघून ताट पुढं सरकवलं. मी भाकरी वाढली. दुसरा अर्थ कोणता ते विचारलं नाही.

तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला जोर करता येत नाही. पण एक बहीण हरवली म्हटल्यावर दुसरीनं एक शब्द बोलू नये, एवढं काय झालं होतं?

शिवांजली



वाशी,
१६ जानेवारी २०२५

मावशी,

आज हा शब्द लिहिताना हात थांबला. पण दुसरा कोणता लिहू.

संक्रांतीच्या आधी लॅबमधून ठाण्यात फोन आला आणि योगीराज हवालदारांनी मला बोलावून घेतलं. पलीकडं पौर्णिमा मॅडम होत्या. तिथं तपासणीचं काम करतात, माहेर आपल्या भूम तालुक्यातल्या ईटचं. त्यांनी आधी माझं गाव विचारलं, मग पाणी पिऊन घ्या म्हणाल्या. मी समजले.

त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. माणसाच्या अंगात ठरावीक जागी खुणा असतात, दर जागी दोन. एक आईकडून येते, एक बापाकडून. लेकीची प्रत्येक जागेवरची एक खूण आईशी जुळलीच पाहिजे. माझी आणि त्या बाईची कित्येक जागी एकही जुळत नाही, म्हणून आई नव्हे असा रिपोर्ट गेला.

"तो बरोबरच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण बाकीच्या जागी जरा जास्तच जुळत होतं. परक्या माणसांत एवढं जुळत नाही. मला चैन पडेना. मग दुसरी चाचणी केली."

पेशीत एक भाग असा असतो म्हणे, जो फक्त आईकडून येतो. पोरालाही मिळतो, पोरीलाही, पण पुढं द्यायचं काम पोरीच करतात. बापाचा त्यात काही हात नाही. तो भाग माझा आणि त्या बाईचा एकच निघाला.

मी विचारलं, "म्हणजे ती कोण?"

"तुम्ही दोघी एकाच बाईच्या वंशातल्या आहात, लेकीच्या लेकी अशा. ती बाई तुमची आजी असेल, नाहीतर हजार वर्षांमागची कुणी असेल. ते एवढ्यावरून सांगता येत नाही." मग त्या जरा मोकळेपणानं बोलल्या. "मी शिकत असताना आम्ही आपल्या भागात गावोगाव फिरून लोकांचे नमुने घेतले होते. मराठ्यांचे, धनगरांचे, लिंगायतांचे, आम्हा बौद्धांचे. ही आईची ओळ सगळ्यांत सापडली. माझी स्वतःचीसुद्धा हीच आहे, शिवांजली. म्हणून नुसत्या त्या जोरावर मला सही करता येत नाही. तुमच्या आईला सख्खी बहीण आहे का?"

मी हो म्हणाले. मॅडम हळू म्हणाल्या, "त्यांचं रक्त मिळालं तर सगळंच कळेल. सगळंच म्हणजे काय, ते आधी घरात कुणाला तरी विचारून घ्या. कागदावरून कळण्यापेक्षा माणसाकडून कळलेलं बरं."

मी तिथूनच तेरखेड्याला मथुराबाईकडं गेले. ती तीळ निवडत होती. मी विचारलं, मला जन्म कुणी दिला. तिच्या हातातलं सूप खाली आलं. म्हणाली, "रगातात ते बी दिसतंय व्हय?"

मग तिनं सांगितलं. तुम्हाला माहेर उरलं नव्हतं म्हणून पहिल्या बाळंतपणाला तुम्ही आईकडं तेरखेड्यालाच आला होता. मी झाले आणि तुम्हाला टीबी निघाला. लेकरू लांब ठेवा म्हणून डॉक्टरनं सांगितलं. आईला मूल होत नव्हतं. तिनं मला ठेवून घेतलं आणि तुम्ही सासरी गेलात.

"बरी हून निलू तुला न्यायला आली," मथुराबाई म्हणाली, "तवा कडूनं दिलं न्हाय. तुझ्या बापानंच, कडूच्या मालकानं, बलभीमनं पारावर सांगितलं हुतं समद्यांना. निलू रडत गेली ती परत आली न्हाय. तुला कुनी बोललं न्हाय, कारन कडू घरोघर जाऊन पाया पडली हुती, माझ्या पोरीला सांगू नका म्हणून. लई जीव हुता तिचा तुझ्यावर."

त्याला आता चार दिवस होऊन गेले असतील. मी हे पत्र लगेच लिहिलं नाही. तुम्हाला रक्त मागितलं नाही, तोवर आई कुठंतरी जिवंत आहे असं मला धरता येत होतं. तुम्ही दिलंत की ती गेली हे नक्की होणार. म्हणजे मी तुमच्याकडं काय मागते आहे ते मला कळतंय.

तरी मागते. ती तिथं शवागारात नावाशिवाय आहे. तिला बाहेर काढायला माझं रक्त चालत नाही. तुमचं चालतं.

शिवांजली



वाशी,
३ फेब्रुवारी २०२५

मावशी,

उत्तर नाही. शिवलिंग फोन उचलतो आणि "आई विचार करतीय" म्हणतो.

गेल्या रविवारी मी तुमच्याकडं यायला निघाले होते. उमरग्यापर्यंत आले. पुढची गाडी लागलेली होती, कंडक्टर आळंद आळंद ओरडत होता. तुम्ही दार उघडून माझ्याकडं बघितलं तर मी पहिला शब्द काय बोलू, ते काही केल्या ठरेना. गाडी गेली. मी परतीची धरली.

आईनं तुमची मुलगी ठेवून घेतली. ते वाईट केलं असेल. मी स्वतः एका मुलीची आई आहे, आरोही पहिलीत आहे, मला ते समजत नाही असं नाही. पण ज्या पोरीसाठी तुमचा राग आहे, ती पोरगीच तुम्हाला विनवते आहे. आईनं मला कधी उपाशी झोपवलं नाही, कधी हात उचलला नाही. बाबा गेल्यावर रानातल्या कामावर, फटाक्याच्या कामावर जाऊन मला बारावीपर्यंत शिकवलं. राग माझ्यावर काढा. मी ऐकून घेईन. तिला तिथं ठेवू नका.

तुम्ही दुसऱ्या राज्यातल्या, तुमच्यावर जबरदस्ती करता येत नाही असं योगीराज हवालदार म्हणाले. त्यांनी दवाखान्यात बोलून ठेवलं आहे. येत्या गुरुवारी मी सकाळपासून धाराशिवच्या दवाखान्यात, रक्त घेतात त्या खोलीबाहेर बसणार आहे. तुम्ही आला नाहीत तर मी परत पत्र लिहिणार नाही.

शिवांजली



वाशी,
२ एप्रिल २०२५

मावशी,

तुम्ही पोचल्याचा शिवलिंगचा फोन आला. गुडघा सुजला आहे म्हणे, शेकत जा.

समोर असताना मला बोलता आलं नाही, ते लिहिते. त्या गुरुवारी तुम्ही दवाखान्याच्या पायऱ्या चढून आलात तेव्हा कुणी सांगायची गरज पडली नाही. ते कपाळ मी रोज आरशात बघते. तुम्ही माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं, आणि हात पुढं करून खुर्चीवर बसलात. सुई टोचताना नर्सनं विचारलं, "दुखलं का आजी?" तुम्ही मान हलवली. जाताना माझ्याशी एक शब्द नाही. शिवलिंगनं वाकून माझ्या पायाला हात लावला, तेव्हा तुम्ही तोंड फिरवलं. मला तुमचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. वाटलं, ही बाई रक्त देते पण माया देत नाही.

मग मार्चच्या शेवटी रिपोर्ट आला, तो पौर्णिमा मॅडमनी फोन करून आधी मला सांगितला. ती तिसरी बाई तुमची सख्खी बहीण. आणि मी तुमची मुलगी. दोन्ही एकाच कागदावर. मी दुकानात होते. गोळ्यांची पाकिटं लावत होते, ती तशीच लावत राहिले. आई शेडवरच गेली होती. माझ्याकडं यायचं तिनं मनात आणलं आणि मग कामाला गेली. हे मला अजून पेलत नाही, पण आता निदान खरं काय ते माहीत आहे.

आईचा ताबा घ्यायला तुम्ही येणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. तुम्ही आलात. शवागाराच्या खिडकीशी बसलेल्या साहेबांनी रिपोर्ट चाळला आणि तुम्हालाच विचारलं, "तुम्ही मयताच्या बहीण. मग मयताला मूलबाळ नाही असं लिहू?"

योगीराज हवालदार काहीतरी बोलायला लागले, पण तुम्ही आधी बोललात.

"मूल हाय की. ही काय, उभी हाय."

"आजी, ह्या तर तुमच्या मुलगी आहेत. रिपोर्टमध्ये तसं आहे."

"असू द्या रिपोर्टात. वाढवली तिनं, शिकवली तिनं, लगीन लावून दिलं तिनं. लिवा तुम्ही. कडूबाईची लेक. सही तीच करंल."

त्या साहेबांनी हवालदारांकडं बघितलं. हवालदार म्हणाले, "लिहा साहेब, कायद्याचं मी बघतो." मी सही केली. सही करताना तुमचा हात माझ्या पाठीवर होता. तुम्ही मला हात लावला ती ही पहिली वेळ, निदान मला आठवणारी.

तेरखेड्यात आईला अग्नी दिला तेव्हा तुम्ही लांब उभ्या होता. सावडून झाल्यावर मथुराबाईच्या पडवीत चहा घेतलात आणि निघते म्हणालात. फाट्यावर गाडीची वाट बघत बसलो तेव्हा तुम्ही जे सांगितलं, ते मी इथं लिहून ठेवते. मला ते कधी विसरायचं नाही आणि शिवलिंगलाही एकदा वाचायला मिळावं.

तुम्ही म्हणालात, "लोक म्हणत्यात कडूनं पोरगी दिली न्हाय. तिनं दिली हुती. म्या आले त्या दिवशी तिनं तुला न्हाऊ घालून, नवं झबलं घालून दारात बसवलं हुतं. तुझ्या कापडांची पिशवी बांधून ठिवली हुती. तुझा हात सोडवून माझ्या हातात दिला आन् आत गेली, मागं वळून बघितलं न्हाय. म्या तुला घेऊन ह्याच फाट्यावर आले. तू लई रडलीस. साधं रडणं न्हवं ते, काळंनिळं पडाय लागलीस. आई आई करत गावाकडं हात करायचीस. यष्टी आली, दार उघडलं. माझा पाय उचलंना. म्या परत फिरले आन् तुला तिच्या मांडीवर नेऊन ठिवलं."

मी विचारलं, मग बाबांनी पारावर तसं का सांगितलं.

"कडूच म्हणाली. म्हणाली, निलू, सासरी जाऊन सांगशील की पोरगी ठिवून आले, तर तुला नांदवणार न्हाईत. कडूनं दिली न्हाय म्हण. मला काय, माझ्या मागं कोन हाय बोलणारं." तुम्ही पदरानं तोंड पुसलंत. "माझ्या मालकानं शपथ घातली, त्या घरात पाय ठिवायचा न्हाय म्हणून. खरं सांगावं तर तिचा शब्द मोडतो, न्हाय सांगावं तर बहीण तुटती. मालक गेले त्याला बी वर्सं झाली. पर तवर तू मोठी झालीस, तुला काय म्हाईत न्हाय असं कानावर आलं. म्हणलं, आता जाऊन तिच्या घरात कशाला जळता इस्तू टाकायचा."

तेवढ्यात गाडी आली. मी तुमची पिशवी वर दिली. तुम्ही खिडकीशी बसलात आणि मला म्हणालात, "जा आता, पोर शाळंतनं यायची येळ झाली." आणि गाडी सुटली.

मथुराबाईला मी ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आन् आमी जलमभर कडूला बोल लावला." दुसऱ्या दिवशी तिनं पाराजवळच्या बायकांना सांगितलं. माझ्या कानावर आलं, आता गावात सगळ्यांना माहीत आहे. आईचा शब्द मोडला असेल, पण आता तुमचे मालक नाहीत, बाबा नाहीत, आई नाही. आता तो कुणासाठी पाळायचा?

आरोहीची परीक्षा बारा तारखेला संपते. त्यानंतरच्या रविवारी मी तिला घेऊन तुमच्याकडं येते. उमरग्याला गाडी बदलून आळंदला उतरेन. शिवलिंग म्हणाला, मी मोटारसायकल घेऊन येतो. त्याला पाठवू नका. मला न्यायला तुम्ही स्वतः या.

तुम्हाला बघून मी रडेन असं वाटतं. रडले तरी परत फिरू नका.

शिवांजली